शटरच्या आतलं कुलूप

१

लाखेचा शिक्का शाबूत होता. आम्रपाली ओव्हाळने तो आधी नुसता पाहिला, मग चष्मा काढून जवळून पाहिला. शटरच्या कडीतून ओवलेली कापडी पट्टी फरशीतल्या कडीला बांधलेली होती. गाठीवर लाल लाख होती, आणि लाखेवर उंबरटेक नगरपरिषदेचा ठसा. कुठे चीर गेलेली नव्हती. लाख पुन्हा वितळवली की तिच्यावर एक वेगळी चकाकी येते, तीही नव्हती.

"तोडू का मॅडम? ऊन वाढतंय," जयसिंग म्हणाला. तो परिषदेचा निरीक्षक. गेल्या गुरुवारी हे सील त्यानेच लावलं होतं.

तळवड्याकडून इंद्रायणीचा पूल ओलांडला की उंबरटेक लागतं. दहा वर्षांपूर्वी इथे कांदा निघायचा. आता शेताच्या बांधांवर शेड आहेत आणि शेडमध्ये दुचाकीच्या कंपन्यांची सुटी कामं चालतात. ही शेड नवनाथ कुटेची. इथे नट-बोल्टवर जस्ताचा मुलामा चढवायचे आणि धुतलेलं ॲसिडचं पाणी मागच्या नाल्यात सोडायचे. नोटिसा दीड वर्ष जात होत्या. परिषदेत पर्यावरण अभियंता म्हणून आम्रपाली रुजू झाली, तेव्हा त्या नोटिसांवर कारवाई करायला पहिल्यांदा कोणीतरी उठलं.

आज बुधवार. आतले ॲसिडचे ड्रम धोकादायक आहेत, ते हलवू द्या, असा नवनाथचा अर्ज मंजूर झाला होता. तो खिशात हात घालून बाजूला उभा होता.

जयसिंगने पट्टी कापली आणि एका हाताने शटर वर ढकललं. ते खडखडत वर गेलं.

आधी वास आला. मग छपराच्या पत्र्याला पडलेलं भगदाड दिसलं आणि त्यातून खाली उतरलेला उन्हाचा खांब. नवनाथची नजर मात्र भगदाडाकडे गेली नाही. ती उजवीकडच्या भिंतीवर गेली आणि लगेच परत आली.

शेडच्या मागच्या टोकाला सांडपाण्याची टाकी होती, जमिनीत खोदलेली, पुरुषभर खोल. तिच्या तळाशी, घोट्याएवढ्या गाळात, रोहिदास पालथा पडला होता. रोहिदास याच शेडचा राखणदार, आणि सांगेल त्या कामाचा माणूस.

"चोरीला आला असणार," नवनाथ म्हणाला. त्याला अजून कोणी काही विचारलं नव्हतं. "पत्रा फोडून उतरला आणि टाकीत पडला. शुक्रवारी रात्री आवाज आला होता मला. वाटलं, मांजर असंल."

२

दुपारी मुख्याधिकाऱ्यांनी आम्रपालीला बोलावलं.

"एका पानाचा अहवाल द्या," ते म्हणाले. "सील शाबूत, प्रवेश छपरातून. आपण नियमभंगावर कारवाई केली, आपलं कर्तव्य पार पडलं. नंतर कोणी आत उडी मारली तर परिषद काय करणार?"

"मला शेड एकदा नीट पाहू द्या, सर."

"पोलीस बघतायत ना?"

"पोलीस मृत्यू बघतायत. सील आपलं आहे."

"तुम्ही एकट्याच आहात अशा, ओव्हाळ मॅडम," ते म्हणाले. त्यात कौतुक नव्हतं, पण त्यांनी नाहीही म्हटलं नाही.

बाहेरच्या बाकावर एक बाई बसली होती. अंगावर तळवड्याच्या आयटी पार्कमधल्या सफाईचा निळा कोट, आणि पायाशी जेवणाचा डबा. तिच्या दोन्ही बाजूंची जागा लोकांनी मोकळी सोडली होती.

"मी कस्तुरा. रोहिदासची बायको."

आम्रपाली तिच्या शेजारी बसली.

"त्यायला चोर म्हनायलेत, ताई. मोबाइलवर बी फिरायलंय. आमच्या चाळीतली एक म्हनली, म्हनूनच सहा दिवस गायब होता व्हय."

"तुम्ही शोधलं होतं त्यांना?"

"शुक्रवारीच गेल्ते शेटकडं. शेट म्हनले, गावाकडं गेला असंल, पिऊन पडला असंल. माझा मानूस पेत नव्हता. पोलिसात गेले तर म्हनले, थांबा, येतील." तिने डब्याची कड अंगठ्याने घासली. "गुरुवारी सकाळी घरून निघाले ते. टाकीचं काम हाय म्हनले. सुट्टीच्या दिशी कसलं काम, म्हनून मी चिडले बी."

"टाकीचं काम? तसं म्हणाले?"

"तसंच. अन् मला एक सांगा. हा मानूस माळवदावर वाळवण घालायला चढत नव्हता. चक्कर यायची. लगीन झालं तवापासून जाळी-जळमटं मीच काढते. तो पत्र्यावर कसा चढंल?"



"मला काही नको," कस्तुरा म्हणाली. "चोर नव्हता, एवढं लिहून द्या. सरकारी कागदावर. पोरगी बारावीला हाय, तिला दाखवायचंय."

संध्याकाळी आम्रपाली आकुर्डीला घरी आली. वडील कंपनीत होते तेव्हा घेतलेला दोन खोल्यांचा फ्लॅट. आता तिच्याशिवाय तिथे कोणी नव्हतं. ओट्याशी उभ्यानेच तिने सकाळची पोळी खाल्ली आणि त्या क्षणाची उजळणी केली. पट्टी कापली. एका हाताने शटर वर ढकललं. खडखडत गेलं.

पोळीचा तुकडा तसाच हातात राहिला.

कुलूप कुठे होतं?

३

गुरुवार या पट्ट्यातल्या कारखान्यांचा सुट्टीचा वार. वीज मंडळाची दुरुस्तीची कामं त्याच दिवशी निघतात, म्हणून शेड बंद असतात. परिषदेची सीलची मोहीमही नेहमी गुरुवारीच निघायची. कामगार नसतात, गर्दी जमत नाही, कोणी हुज्जत घालत नाही. दार बंद असतं, त्यावर लाख ओतायची आणि परतायचं. ही पद्धत आम्रपाली येण्याच्या कितीतरी आधीपासूनची.

ती फौजदार केंजळे यांच्याबरोबर शेडमध्ये शिरली तो दिवसही गुरुवारच होता. केंजळे तरुण होते, रुमाल नाकाला लावून उभे होते.

"काय शोधताय मॅडम? आमचा पंचनामा झालाय."

"तुमच्या दुकानाला सुट्टी असली तर तुम्ही काय करता?"

"माझं दुकान नाही."

"समजा आहे."

"कुलूप लावीन."

"नवनाथ कुटेंनी लावलं नव्हतं. काल सील कापलं आणि शटर नुसतं वर गेलं. किल्ली कोणी मागितली नाही, कोणी दिली नाही. लाखो रुपयांचा माल आत ठेवून हा माणूस सुट्टीच्या दिवशी कुलूप न लावता गेला?"

केंजळ्यांनी रुमाल खाली घेतला.

आम्रपाली उजव्या भिंतीकडे वळली, काल नवनाथची नजर गेली होती तिकडे. शटरच्या चौकटीला लागूनच एक खिळा होता. खिळ्याला पितळी कुलूप लटकत होतं आणि कुलपात किल्ली होती. त्याच्या खाली, भिंतीला टाचा लावून, रबरी चपलांचा जोड ठेवलेला होता.

"रोहिदासच्या पायात काय होतं?"

"गमबूट," केंजळे म्हणाले. मग स्वतःशीच सावकाश म्हणाले, "गमबूट."

"छपरातून उतरणारा चोर दाराशी येऊन चपला काढील, गमबूट घालील, आणि मालकाचं कुलूप खिळ्याला टांगून ठेवील?"

"म्हणजे तो दारातून आला."

"किल्लीने उघडून. कामाला आल्यासारखा."

ती टाकीपाशी गेली. भगदाड टाकीच्या थोडं अलीकडे होतं. सिमेंटच्या पत्र्याचे तुकडे खाली एका उघड्या गोणीवर आणि आजूबाजूला पडले होते. गोणीत चुन्याची भुकटी होती. ॲसिड मारायला असा चुना प्रत्येक प्लेटिंगवाल्याकडे असतो, वापरत कोणी नाही. तिने हातमोजा चढवला, पत्र्याचा तुकडा उचलला आणि भुकटीत बोट घातलं. बोट सहज आत गेलं. भुकटी पिठासारखी मोकळी होती.

"शनिवारी संध्याकाळी तुम्ही कुठे होतात?"

"मी? चौकीत. का? अवकाळी आला होता ना. गारांनी माझ्या गाडीची काच गेली."

"नवनाथ म्हणतात, पत्रा शुक्रवारी फुटला. शुक्रवारी फुटला असता तर शनिवारचा पाऊस या गोणीत पडला असता. चुना भिजून सुकला की दगड होतो. हा कोरडा आहे. पत्रा पावसानंतर फुटला. रविवार, सोमवार, मंगळवार, कधीही. पण रोहिदास तर गुरुवारपासून बेपत्ता आहेत."

केंजळे वर भगदाडाकडे पाहत राहिले. "मग हे फोडलं कोणी?"

 आम्रपाली पुन्हा खिळ्यावरच्या कुलपाकडे गेली होती. पितळ जुनं झालं की तपकिरी होतं, या शेडमधल्या ॲसिडच्या वाफेने फार तर हिरवं पडेल. हे कुलूप काळं होतं. काजळीसारखं काळं. तिने भिंतीवरच्या तांब्याच्या पट्ट्यांवर टॉर्च मारला. मुलाम्याच्या हौदांना वीज नेणाऱ्या त्या पट्ट्या शेडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेल्या होत्या. त्याही काळ्या होत्या.

"प्रेताच्या बोटात चांदीची अंगठी होती का?"

"होती. तुम्हाला कसं कळलं? काळी पडली होती, म्हणून डॉक्टरांनी आधी चांदी मानलीच नाही."

"अंगठीवर मी काही ठरवणार नाही. कुजणाऱ्या शरीरामुळेही चांदी काळी पडते. पण तांब्याच्या पट्ट्या शरीरापासून लांब आहेत."

तिने टॉर्च बंद केला. कुठल्या वायूने तांबं, पितळ आणि चांदी एकसारखी काळी होतात, हे तिला अकरावीपासून माहीत होतं. त्या वायूला वास कसला येतो, हेही. आणि तो वास तिने आधीच घेतलेला होता, याच शटरसमोर उभी राहून.

४

शेडची जमीन दत्तोबांची. नाल्यापलीकडे त्यांचं जुनं घर होतं. आम्रपाली आणि केंजळे पोहोचले तेव्हा ते अंगणात खाटेवर बसून शेंगा सोलत होते.

"या बाई. आमची शेड परत कवा उघडणार? भाडं बुडतंय."

"बाबा, पत्रा फुटल्याचा आवाज आला होता का तुम्हाला?"

"न्हाई बा. मला आता गाडीचा हॉर्न ऐकू येत न्हाई, पत्र्याचं काय घेऊन बसलाव." त्यांनी शेंगांची मूठ पुढे केली. "घ्या. घरच्या न्हाईत, बाजारच्याच हायेत. घरच्या जमिनीत आता ॲसिड उगवतंय."

केंजळे हसले. आम्रपालीने दोन शेंगा घेतल्या. घराच्या भिंतीला एक लांब बांबूची शिडी टेकवलेली होती. तिच्या वरच्या टोकाला राखाडी भुकटी लागली होती.

"ही शिडी कोणी नेली होती?"

"नवनाथनं. सोमवारी तिन्हीसांजेला. डिश टीव्हीची छत्री फिरलीया म्हनला, गारांनी. मी म्हनलं, ने बाबा."

"परत कधी दिली?"

"लगीच. अर्ध्या घटकेत. म्हनलं, मोठा इंजिनेर हाय आमचा नवनाथ." ते थांबले. शेंग त्यांच्या बोटांत तशीच राहिली. त्यांनी नाल्यापलीकडच्या छपराकडे पाहिलं, मग केंजळ्यांच्या खाकी विजारीकडे.

"साहेब," ते म्हणाले, "चोर कंदी शिडी मागून नेतो व्हय?"

५

शुक्रवारी सकाळी केंजळ्यांनी नवनाथला आणि जयसिंगला शेडवर बोलावलं. दत्तोबा आपणहून आले आणि दाराबाहेर उकिडवे बसले. आम्रपाली टाकीच्या काठाशी उभी होती.

"नवनाथराव, रोहिदास गुरुवारी सकाळी इथे कामाला आले," ती म्हणाली. "तुमच्या किल्लीने त्यांनी शटर उघडलं, कुलूप खिळ्याला लावलं, चपला काढल्या, गमबूट घातले. टाकीतला गाळ उपसायला ते खाली उतरले. गाळात सल्फाइड होतं, तुमच्याच कामातलं. वरून कुठल्यातरी हौदातलं ॲसिड त्यात गेलं, किंवा ते उतरण्याआधीच गेलेलं होतं. त्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू निघाला. तो हवेपेक्षा जड असतो, खड्ड्यात साचतो. दोन-चार श्वासांत माणूस पडतो. नंतर तो सगळ्या शेडमध्ये पसरला आणि जे जे तांब्या-पितळेचं होतं ते काळं झालं."

"मी पाठवलंच नव्हतं त्याला," नवनाथ म्हणाला.

"सोमवारी तुम्ही शिडी आणली. आत जाता येत नव्हतं, सील तोडलं तर दिसलं असतं. म्हणून बाहेरूनच पत्रा फोडलात. मेलेल्या माणसाला चोर करायला तेवढं पुरेसं वाटलं तुम्हाला. आतलं कुलूप आणि चपला मात्र उचलता आल्या नाहीत. बुधवारी शटर उघडल्यावर तुम्ही आधी त्या खिळ्याकडे पाहिलंत."

नवनाथने कपाळावरचा घाम पुसला. 

"पण एक प्रश्न राहतो," आम्रपाली म्हणाली. "दीड वर्ष ही टाकी कोणी उपसली नाही. मग नेमकी त्याच सकाळी का?"

आता ती जयसिंगकडे वळली.

"सील लावायचं आहे हे मुख्याधिकारी, तुम्ही आणि मी, एवढ्याच लोकांना माहीत होतं. दुपारी तीनला जायचं ठरलं होतं. सकाळी मी बेत बदलला, लगेच निघू म्हटलं. आपल्या मोहिमांची बातमी आधी फुटते असा मला संशय होता. तुम्ही गाडीत पूर्णवेळ माझ्या शेजारी होतात, फोन करता आला नाही."

"मॅडम, तुम्ही माझ्यावर..."

"पाण्याचा नमुना घ्यायला मी मागे नाल्यापाशीच गाडीतून उतरले, तुम्ही पुढे शटरपाशी आलात. मी आले तेव्हा शटर खाली होतं आणि तुम्ही लाख वितळवत होतात. शटर आधीपासून बंद होतं असं तुम्ही मला सांगितलंत. पण कुलूप आतल्या खिळ्याला होतं. म्हणजे शटर उघडं होतं. तुम्ही ते खाली ओढलंत."

दाराबाहेर दत्तोबा खोकले. 

"अर्धी उपसलेली टाकी मी पाहिली असती तर बातमी कोणी फोडली ते मला कळलं असतं," आम्रपाली म्हणाली. "मी कोपऱ्यावरून येण्याआधी तुम्हाला ती झाकायची होती. तुम्ही माणूस कोंडायला शटर ओढलं नाही, जयसिंगराव. टाकी लपवायला ओढलंत. आत हाक मारलीत?"

जयसिंग पन्नाशीचा होता. बावीस वर्षांच्या नोकरीत त्याने कितीतरी दारांवर लाख ओतली होती. तो खाली रिकाम्या टाकीकडे पाहत राहिला.

"चपला दिसल्या होत्या," तो शेवटी म्हणाला. "मला वाटलं, गमबुटावरच चहाला गेला असंल. गुरुवारी आत कोण असतं? सगळ्यांनाच सांगतो आम्ही एक दिवस आधी. आवराआवर करून ठेवा म्हणून. पद्धतच आहे ती. कोणाचं वाईट व्हावं म्हणून नाही."

"नवनाथरावांना कधी कळलं?"

"संध्याकाळी मीच फोन केला," जयसिंग म्हणाला. "म्हणलं, तुझा माणूस बाहेर आहे ना? तर हा गप्प."

"मी आलो होतो हितं," नवनाथ एकदम म्हणाला. त्याचा आवाज घोगरा झाला होता. "शटरला कान लावला आणि त्याच्या मोबाइलवर रिंग दिली. आत वाजत होती. लांब, मागच्या बाजूला. वाजून वाजून बंद झाली. परत लावला. परत वाजली."

"आणि तुम्ही घरी गेलात."

"सील होतं ना मॅडम. तोडलं असतं तर गुन्हा." तो स्वतःच्याच वाक्यावर थांबला.

केंजळ्यांनी हवालदाराला खूण केली. नवनाथ मुकाट्याने निघाला. जयसिंग मात्र आम्रपालीसमोर येऊन उभा राहिला. तो रागावलेला नव्हता. थकलेला होता.

"एक बोलू का मॅडम? वास तुम्हालाही आला होता."

"हो."

"तुम्ही विचारलंत, हा कसला वास. मी म्हणलं, नाल्याचा. तुम्ही मान डोलावलीत. तुम्ही तर केमिस्ट्रीवाल्या."

शेडमध्ये उन्हाचा खांब थोडा सरकला होता. आम्रपालीला ती सकाळ स्वच्छ आठवत होती. सडक्या अंड्यांचा वास, हातात नमुन्याची बाटली, आणि मनात समाधान, की दीड वर्षाने का होईना, काम झालं. नाल्यालाही जवळजवळ तसाच वास यायचा. तिला तेव्हा कारण हवं होतं, ते मिळालं होतं.

"केंजळे साहेब," ती म्हणाली, "हेही लिहून घ्या. वेळ मी बदलली. वास मला आला होता. शटर उघडायला मी सांगितलं नाही."

"मॅडम, त्याची गरज नाही. कायद्याने तुमच्यावर काही येत नाही."

"लिहून घ्या."

६

कस्तुराच्या घरी ती रविवारी गेली. एक खोली, भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली पोरीची पुस्तकं. कस्तुराने पाणी दिलं आणि समोर बसली. आम्रपालीने अहवाल वाचून दाखवला. रोहिदास हे मालकाच्या सांगण्यावरून कामासाठी दारातून आत गेले होते. ते चोरी करण्यास आले नव्हते. जागेची आतून तपासणी न करता नगरपरिषदेने शटर बंद केले.

पोरगी दाराशी उभी राहून ऐकत होती. वाचन संपल्यावर तिने कागद मागून घेतला आणि एकच ओळ परत परत वाचली.

"वाचले असते का, ताई?" कस्तुराने विचारलं. "म्हंजे, तुमी आत बघितलं असतं तर?"

"बहुतेक त्याआधीच गेले होते. तो वायू वेळ देत नाही." आम्रपाली थांबली. "पण बहुतेक. खात्रीने मला सांगता येणार नाही. कोणालाच सांगता येणार नाही."

 बाहेर कोणाच्यातरी घरी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या.

"कुनी हाक तरी मारायची," ती म्हणाली.

तिने चहा विचारला नाही, आणि आम्रपालीही थांबली नाही. जिन्यात दोन बायका बोलत होत्या, तिला पाहून गप्प झाल्या.

परिषदेत तिच्याशी कोणी भांडलं नाही. मुख्याधिकाऱ्यांनी अहवाल वर पाठवला, कारण केंजळ्यांकडे त्याची प्रत होती. जयसिंगचं टेबल रिकामं झालं. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडायचे तिथे तिच्यासाठी पूर्वी एक खुर्ची सरकवली जायची, ती सरकेनाशी झाली. ती आपल्या टेबलावर खाऊ लागली. उंबरटेकच्या हद्दीत अजून तशाच कितीतरी शेड होत्या, आणि नोटिसा गेलेल्या होत्या. कारवाई थांबवणं हा काही उपाय नव्हता.

पुढच्या महिन्यात एका पावडर कोटिंगच्या शेडला सील लागलं. तारीख मुख्याधिकाऱ्यांनी ठरवली. वार तोच. शेडचा मालक बंद शटरपाशी कुलपाची किल्ली फिरवत उभा होता. परिषदेचा शिपाई सोनबा लाख, काडेपेटी आणि शिक्का घेऊन खाली बसला होता.

"उघडा," आम्रपाली म्हणाली.

"उघडू? मॅडम, बंदच करायचंय ना?" मालक हसला.

"आधी उघडा."

शटर वर गेलं. आत अंधार होता, कुठेतरी पाणी ठिबकत होतं. ती उंबऱ्यावर उभी राहिली आणि नाकाने हळू श्वास घेतला. मग मोठ्याने विचारलं, "आत कोणी आहे का?"

आवाज मागच्या भिंतीपर्यंत गेला आणि तिथून परत आला. ती तशीच उभी राहिली. सोनबाने हातातली पेटलेली काडी विझू दिली.

"मॅडम, कोणी नसतंय," तो समजुतीने म्हणाला. "आज गुरुवार."

"म्हणूनच," ती म्हणाली आणि टॉर्च लावून आत गेली.